आखरी टाका मांडवात

कडूबा तंबूवाल्याला आयुष्यात दोन गोष्टींची चीड होती. एक म्हणजे मांडवाला पडलेला झोळ, आणि दुसरी म्हणजे त्या झोळाकडे बोट दाखवणारा माणूस. पहिली गोष्ट त्याच्या हातून सहसा घडत नसे, म्हणून दुसरीला तोंड द्यायची वेळ फारशी येत नसे. आली तर बोट दाखवणाऱ्याची खैर नव्हती. एकदा गारखेड्याच्या लग्नात नवरदेवाच्या मामाने छताकडे बघून नुसतं 'अंऽ' केलं. कडूबाने त्याला भर मांडवात शिडीवर चढवलं आणि सांगितलं, "हात लावून बघा. झोळ सापडला तर मांडव फुकट. नाय सापडला तर उतरायचं नाय." मामांनी मंगलाष्टकं शिडीवरूनच ऐकली.

आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून ह्याला नजर लागू नये ह्या हिशेबाने आईने ह्याचं नाव कडू ठेवलं. नजर लागली नाही. नाव मात्र लागू पडलं.

घराणं अजिंठ्याकडचं, शेतकऱ्याचं. पण जमीन थोडी आणि भाऊ फार, म्हणून कडूबाचे वडील तरुणपणी शहरात आले आणि एका जहागीरदाराच्या फरासखान्यात लागले. फरासखाना म्हणजे जिथे तंबू, कनाती, शामियाने ठेवायचे, शिवायचे, डागडुजी करायची ते ठिकाण. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, मागोमाग जहागिरी गेली आणि फरासखान्याच्या दाराला कुलूप लागलं. वडिलांनी मोठी सुई म्हणजे दाभण, तळहाताला बांधायची चामड्याची पट्टी आणि मेणाचा गोळा एवढं बरोबर आणलं आणि गुलमंडीमागच्या गल्लीत दुकान मांडलं. राजे नसले तरी लग्नं होतातच. दुकान चाललं.

त्या दुकानाचा एक रिवाज होता: आखरी टाका मांडवात. नवा शामियाना दुकानात कधीच पुरा करायचा नाही. एका कोपऱ्याला वीतभर शिवण उघडी ठेवायची आणि ती लाल कच्च्या दोऱ्याने नुसती धरून ठेवायची. मग जागेवर जायचं, खांब उभे करायचे, तणाव्यांचे दोर ओढायचे. कापड ताणावर आलं की झोळ कुठे आहे आणि किती आहे ते आपोआप दिसतं. तेवढं कापड आत घ्यायचं, उघडी वीत पक्की शिवायची आणि लाल दोरा उपसून टाकायचा. आता ह्यात साधी अक्कल होती. पण अक्कल चार वर्षं जुनी झाली की तिचा रिवाज होतो, आणि रिवाज झाला की त्याला हळदकुंकू लागतं. वडिलांच्या मागे कडूबाने त्यात आपली भर घातली. आखरी टाका घरच्या कर्त्या कारागिरानेच घालायचा, उजव्या हाताने घालायचा, आणि बाईमाणसाने घालायचा नाही.

हा शेवटचा नियम कुणासाठी होता हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कडूबाला एकच लेक, वच्छला. ती डावखुरी.

वच्छला दुकानातच वाढली. रांगायची तेव्हा शामियान्याच्या घड्यांवरून रांगायची. शिवण तिला कुणी शिकवली नाही. बापासमोर कापडाचा कोपरा धरून बसता बसता ती आली. कडूबाचे टाके उजवीकडे कलायचे, तिचे डावीकडे. ओढून बघितले तर दोन्ही सारखेच घट्ट. कडूबा तिचा टाका नखाने उकरून बघायचा, तो हलायचा नाही, आणि मग म्हणायचा, "पक्का हाय. पण तोंड वाकडं करून बसतो." गोठ, कड्या, कनातीच्या लांबलचक टिपा असलं सगळं काम तो तिच्याकडून करून घ्यायचा. आखरी टाक्याच्या वेळी मात्र तिने खाली उभं राहून कोपरा धरायचा. लहानपणी तिने एकदोनदा मागून पाहिलं, "आबा, आज मी घालू?" कडूबाने डोळे वटारले. तिने मागणं सोडलं. बापाला वाटलं, पोरगी विसरली. बापांना असं वाटायला फार आवडतं.

पोरगी कॉलेजात गेली आणि तिथे अनंतराव भेटले. अनंतराव भूगोल शिकवायचे. अंगाने काडी, चष्मा जाड, पण डोंगर दिसला की चढल्याशिवाय त्यांच्या पायाला चैन नसे. रविवारी पोरं घेऊन ते दौलताबादच्या आसपासचे कडे चढायचे, अजिंठ्याच्या डोंगरात दोर लावून उतरायचे. वच्छला त्यांच्यात जायला लागली. गल्लीतले लोक कुजबुजले. कडूबाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि लोकांना आपापली कामं आठवली.

मग एके दिवशी अनंतराव एक फाटका, जुना तंबू खांद्यावर टाकून दुकानात आले. सोबत त्यांची बायको, यमुनाबाई. नवरा तंबूसाठी आला होता आणि बायको पोरीसाठी.

"उस्ताद, आम्ही हिमालयात चाललोय," अनंतराव म्हणाले. "बर्फावर मुक्काम आहे. असा एक तंबू शिवून हवा. हा मागून आणलाय, नमुना म्हणून."

"बर्फावर?" कडूबाने बर्फ बघितला होता तो गुलमंडीत, सरबतवाल्याकडे, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. "त्याच्यावर झोपायचं? काय डोकं फिरलं का सर तुमचं?"

"वच्छलालाही न्यायचंय," यमुनाबाई हळूच म्हणाल्या. "तिच्यासारखा दम पोरांच्यातही नाही. आणखी दोन मुली आहेत. तुम्ही नाही म्हणू नका."

कडूबा नाहीच म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याची नजर त्या नमुन्याच्या तंबूवर गेली. शिवण उसवलेली, टाके लांब लांब, कड्यांभोवतीचं कापड फाटत आलेलं. त्याला एकदम दिसलं की आपण नाही म्हटलं तरी ही पोरगी जाणार, आणि जाऊन असल्या कुणाच्या तरी तंबूत झोपणार.

"जायचंच असंल तर तंबू माझा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या शिवणीखाली माझी लेक निजायची नाय."

कडूबाने त्या तंबूसाठी जेवढा जीव काढला तेवढा कुठल्या सावकाराच्या लग्नासाठी काढला नव्हता. जुन्या बाजारात लष्कराच्या लिलावातलं पॅराशूटचं कापड आलं होतं. हलकं, चिवट, वारा न शिरणारं. ते छताला घेतलं. खालच्या बाजूला जाड किरमिच. दोरा दोनदा मेणातून ओढला. प्रत्येक टीप दुहेरी. पावसाची परीक्षा म्हणून तंबू अंगणात लावून स्वतः आत जाऊन बसला आणि बायकोला, सारजाबाईला, माडीवरून घागरी ओतायला सांगितल्या. सारजाबाईने इतक्या वर्षांचा सगळा राग त्या घागरींतून काढला. गल्ली बघायला जमली. कडूबा कोरडा बाहेर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, सारजाबाई तेवढी जरा हिरमुसली.

निघायच्या दिवशी धावपळ झाली. कडूबाने स्वतःच्या हाताने तंबूची घडी घातली, कुंकू लावलं, गाठोडं अनंतरावांच्या खांद्यावर दिलं. वच्छला वाकून पाया पडली तेव्हा त्याला काहीतरी म्हणायचं होतं. "थंडीचं कानाला बांध," एवढंच तो म्हणाला.

पुढे आठवडाभराने गारखेड्यात एक लग्न होतं. मांडव उभा राहिला, तणावे ओढले गेले. कडूबा नेहमीसारखा शिडीवर चढला, वीतभर शिवण घातली, शेवटची गाठ मारली आणि लाल दोरा उपसायला बोटात धरला. आणि तो तसाच थांबला.

हा लाल दोरा आपण त्या तंबूतून काढलाच नाही.

त्याने डोळे मिटून आठवून बघितलं. मागचा कोपरा, छत आणि भिंत मिळते तिथे. हाताला सवय म्हणून वीतभर जागा उघडी सोडली होती, लाल दोऱ्याने धरली होती. जागेवर घालू, असं मनानं नेहमीप्रमाणे म्हटलं होतं. पण त्या तंबूची जागा होती हिमालयात आणि कडूबा होता गारखेड्यात. अंगणात परीक्षा घेतली तेव्हा पाणी समोरून पडलं. घडी घातली तेव्हा कोपरा आत गेला. जन्मभर ज्या कारागिराने कुणाच्या मांडवात बोटभर झोळ राहू दिला नव्हता, त्याने पोटच्या पोरीला उघड्या शिवणीचा तंबू देऊन बर्फात धाडलं होतं.

कडूबाला शिडीवरून उतरता येईना. खाली कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "काय उस्ताद, आज मंगलाष्टकं वरूनच का?" त्यावर तो रागावलासुद्धा नाही. तेव्हा लोकांना कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय, आणि त्याला दोघांनी धरून खाली घेतलं.

तो तसाच यमुनाबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, मंडळी मोटाररस्ता सोडून केव्हाच वर गेली असतील. आता खालच्या गावी उतरतील तेव्हाच काय ती खबर. घरी येऊन त्याने सारजाबाईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला नाही, की त्याला बोल लावला नाही. त्याने तो आणखी घाबरला.

"काय व्हतंय वीतभरानं?" ती म्हणाली.

"वाऱ्याला बोटभर लई झालं, सारजे. बोट घालतो अन् अख्खं छत उसवून नेतो. मी बघितलंय. त्यो दोरा कच्चा हाय, कच्चा!"

"मग बसलात काय? जा की."

"कुठं?"

"जिथं पोरगी हाय तिथं. आखरी टाका मांडवात घालायचा असतो ना? मग मांडव तिकडं हाय."

तर अशा रीतीने कडूबा तंबूवाला, ज्याने मनमाडच्या पुढची रेल्वे पाहिली नव्हती, तो खिशात दाभण, मेण आणि पट्टी घेऊन हिमालयाकडे निघाला. दिल्लीत चुकला, पुन्हा सापडला. डोंगराच्या मोटारीत त्याला इतक्या उलट्या झाल्या की ड्रायव्हरने त्याला पुढे बसवून घेतलं. मनालीच्या पुढे ज्या गावी मंडळी उतरणार होती तिथे तो पोचला, चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर बसला आणि मग मान वर केली.

एवढं पांढरं त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण डोंगराची शेंडी दिसत नव्हती. तिच्यावर करडा ढग ठाण मांडून बसला होता. "ऊपर तूफान है, बाबूजी," चहावाला म्हणाला.

"मेरी पोट्टी ऊपर है, मियाँ," कडूबा म्हणाला.

तो घाबरला होता, साफ घाबरला होता. दिवस उजाडला की बाकड्यावर येऊन बसायचा आणि त्या वाटेकडे बघत राहायचा. त्याला डोंगर दिसत नव्हता, बर्फ दिसत नव्हता. दिसायचा तो एक कोपरा आणि त्यातून हळूहळू निसटणारा लाल दोरा. कधीकधी वाटायचं, पोरीने एकदोनदा मागितला होता तो टाका. दिला असता तर तिने स्वतःच कोपरा बघितला असता, घडी घालायच्या आधीच ओरडली असती. आपणच तिला सांगितलं होतं की तो टाका तुझा नाही. मग ती कशाला बघेल तिकडे? तो खुलताबादच्या मारुतीला म्हणाला, माझी पोरगी धड खाली आण, मी राग सोडतो. मग देवाला खोटं कसं बोलावं म्हणून म्हणाला, अर्धा सोडतो.

ढग हटला आणि त्यानंतर वाटेवर माणसं दिसली. पाठीवर ओझी, तोंडं रापलेली, ओठ फुटलेले. चालीवरून त्याने ओळखलं. वच्छला सगळ्यांच्या पुढे होती.

"आबा?" ती जागीच थबकली. "तुम्ही इथं?"

कडूबाने तिला जवळ घेतलं नाही. त्यांच्याकडे तशी पद्धत नव्हती. त्याने तिचे दोन्ही दंड धरले, सोडले, पुन्हा धरले, जसा बाजारातून आणलेला माठ कुठे तडकलाय का ते बघतात तसं तिला फिरवून बघितलं. मग विचारलं, "तंबू कुठं हाय?"

तंबू भिजला होता. मंडळींनी तो तिथेच कुंपणावर वाळत घातला. कडूबा सरळ मागच्या कोपऱ्याकडे गेला आणि बोटांनी शिवण चाचपली. लाल दोरा नव्हता. वीतभर जागा पक्की शिवलेली होती, टाका जवळजवळ, गाठ आतून. त्याने नखाने उकरून पाहिलं. टाका हलला नाही. आणि सगळे टाके डावीकडे कललेले होते.

कडूबा तिथेच ओल्या गवतावर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्याने पुसलंही नाही. छातीवर इतके दिवस ठेवलेला दगड कुणी अलगद उचलून बाजूला ठेवला होता. मोकळा श्वास इतका गोड असतो हे त्याला इतक्या वयाचा होईतो कुणी सांगितलं नव्हतं.

वच्छला शेजारी येऊन बसली. तिचेही डोळे भरले होते. "पहिल्याच मुक्कामाला तंबू ताणला आणि कोपऱ्यात लाल दोरा दिसला, आबा," ती म्हणाली. "मला आधी कळंना. मग कळलं. दाभण मी नेलीच व्हती, दुकानची पोर हाय मी. समद्यांना म्हटलं, थांबा, कुणी आत जाऊ नका, आमच्या आबांनी आखरी टाका माझ्यासाठी ठेवलाय. अन् घातला. लई रडले मी त्या दिवशी. वर तुफान आलं तर तंबूचा नुसता ताशा वाजत व्हता, पण एक टाका हलला नाय."

कडूबाने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते: अगं, मी ठेवला नाय, मी इसरलो. पण पोरीचं तोंड इतकं उजळलं होतं की ते शब्द परत आत गेले.

"टाका बरा पडलाय," तो म्हणाला.

"पण तुम्ही आलात कशाला एवढ्या लांब?"

"बर्फ बघायला," कडूबा म्हणाला.

गल्लीने हे पुढे वर्षानुवर्षं पुरवून खाल्लं. कडूबा दिसला की सरबतवाला भुसा झटकून बर्फाची लादी दाखवायचा, "उस्ताद, घरबसल्या बघा की!" कडूबा अर्धाच रागवायचा, मारुतीला शब्द दिला होता.

सारजाबाईने घरी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सांगितलं का पोरीला?" त्याने 'नाय' म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "मग आता नका सांगू. तिला एक चीज मिळाली, ती कशाला काढून घेता? फक्त तुमच्या पोटात राहील का ते बघा."

खरी गोष्ट पोटात राहिली, पण सुखानं राहिली नाही. वच्छला शाळेत खेळाची शिक्षिका झाली, दर उन्हाळ्यात पोरी घेऊन बर्फात जायला लागली आणि जिथे जाईल तिथे ती गोष्ट सांगायची: आमच्या आबांनी आयुष्यात एकदाच आखरी टाका दुसऱ्याला दिला, तो मला. लोक कडूबाकडे कौतुकाने बघायचे. कडूबा तंबाखू शोधायला लागायचा. त्याला खरं तर पुढचा मांडव आला की तिला बोलावून तो टाका द्यायचा होता. पण दिला असता तर बोलावं लागलं असतं, आणि बोलला असता तर सगळंच बाहेर पडलं असतं. म्हणून तो टाका आपणच घालत राहिला, आणि दर वेळी लाल दोरा उपसताना त्याला लेकीची चोरी केल्यासारखं वाटायचं.

अशी बरीच वर्षं गेली. अनंतरावांचे केस पांढरे झाले आणि कडूबाला दोरा ओवायला उजेड लागायला लागला. मग एका सुट्टीत वच्छला दुकानात येऊन म्हणाली, "आबा, ह्या बारीला दर्या. पोरी घेऊन शिडाच्या होडीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचंय. इंजिन नाय, नुसतं शीड. शीड तुम्ही शिवायचं."

मराठवाड्यातल्या माणसाला दर्या म्हणजे ऐकीव माहिती. कडूबाने शीड चित्रात पाहिलं होतं. पण कापड आहे, ताणायचं आहे, वारा अडवायचा आहे, म्हणजे उभी कनातच की! त्याने सगळी कला पणाला लावली. पट्ट्या सरळ कापल्या, दुहेरी टिपा घातल्या, आणि असं एक शीड केलं की अंथरलं तर त्यावर पाणी कुठल्या बाजूला वाहावं हे पाण्याला कळू नये.

कोकणातल्या एका खाडीवर होडी लागली होती. कडूबा आणि अनंतराव शीड घेऊन गेले. होडी शिकवणारा तिथला म्हातारा तांडेल होता, काळाभोर आणि कमी बोलणारा. शीड चढलं. वारा होता, पण होडी रुसल्यासारखी जागच्या जागी डुलत राहिली. तांडेलाने वर बघितलं, बोट दाखवलं आणि म्हणाला, "ओ काका, ह्ये शीड हाय का पाट? ह्याला पोटच नाय. झोळ पायजे ह्याला. वारा बसंल कुठं?"

अनंतरावांनी डोळे मिटून घेतले. वच्छला पुढे सरसावली. कडूबाच्या कामाकडे कुणीतरी बोट दाखवलं होतं, आणि वर झोळ पायजे म्हटलं होतं!

कडूबाने सपाट शिडावरून तळहात फिरवून बघितला. मग हळूच म्हणाला, "किती पायजे?"

तांडेलाने हाताची ओंजळ करून दाखवली. "एवढा. वारा धरायचा, सोडायचा नाय."

कडूबाने तांडेलाच्या अंगणात माडाच्या सावलीत बसून ते अख्खं शीड उसवलं. जन्मभर ज्या हातांनी झोळ काढला, त्याच हातांनी आता तो घालायचा होता. पट्ट्यांच्या कडा किंचित कमानीत कापायच्या, म्हणजे त्या एकमेकींना जोडल्या की मधे कापड फुगतं. प्रत्येक कमान कापताना तो असा कण्हायचा की तांडेलाच्या घरातून विचारणा व्हायची, काकांचं पोट दुखतंय का. पण शीड झालं. पोट असलेलं, गुबगुबीत, फरासखान्यात वडिलांनी बघितलं असतं तर कानाखाली दिली असती असं.

निघायच्या सकाळी होडी वाळूला टेकली होती आणि पोरी सामान भरत होत्या. शीड चढवून ताणलं गेलं. खालच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर लाल दोरा होता.

कडूबा वाळूतून चालत होडीपाशी गेला. खिशातून मेणाचा दोरा ओवलेली दाभण काढली, चामड्याची पट्टी काढली. ती पट्टी त्याने रात्रीतून उलटी शिवून घेतली होती, डाव्या तळहाताला बसेल अशी. दोन्ही वस्तू लेकीपुढे धरून म्हणाला, "घे. ह्या बारीला मुद्दाम ठेवलाय."

वच्छलाने हात पुढे केला आणि तो मधेच थांबला.

"ह्या बारीला?" ती म्हणाली.

कडूबाने जीभ चावली. पण सुटलेला शब्द आणि सुटलेली शिवण, दोन्ही एकदा सुटली की सुटली.

"म्हणजे तवा, बर्फात..."

"इसरलो व्हतो," कडूबा म्हणाला, आणि मग इतक्या वर्षांचं सगळं घडाघडा बाहेर आलं. गारखेड्याची शिडी, दिल्लीत चुकणं, चहाचं बाकडं, मारुतीचा अर्धा नवस. "बर्फ कसला बघतो मी, पोरी! डोळ्यापुढं त्यो एक कोपरा व्हता. तू खाली आलीस अन् शिवण बघितली तवा जीवात जीव आला. सांगणार व्हतो. पर तू म्हणालीस, आबांनी माझ्यासाठी ठेवला. मग कसं सांगू?"

वच्छलाने तोंड होडीकडे फिरवलं. कडूबाला वाटलं, गेलं, सगळं गेलं. आणि मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"बरं झालं इसरलात, आबा," ती म्हणाली. "ध्यानात राहिलं असतं तर तुम्ही दिला असता व्हय मला?"

ते खरंच होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. पण गंमत म्हणजे त्याला वाईट वाटत नव्हतं. पोटातलं ओझं गेलं होतं, आणि पोरगी हसत होती.

"आता दिला ना," तो म्हणाला.

"दिलात." तिने पट्टी डाव्या हाताला चढवली, बोटं उघडमीट करून बघितली आणि दाभण घेतली. "धरा मग कोपरा. नीट ताणून धरा."

तिच्या लहानपणापासून कोपरा तिने धरला होता. आज कडूबाने धरला. तिने वीतभर शिवण घातली, गाठ आतून मारली, लाल दोरा उपसला आणि बापाच्या हातात दिला. मग पोरींनी होडी ढकलली.

वारा आला. शीड फडफडलं, भरलं, गरोदर बाईसारखं पुढे आलं आणि होडी खाडीच्या तोंडाकडे सुसाट निघाली. अनंतराव वाळूवर कडूबाशेजारी येऊन उभे राहिले. चष्मा पुसून त्यांनी शिडाकडे बोट दाखवलं आणि जरा जपूनच म्हणाले, "उस्ताद, केवढा झोळ हो!"

कडूबाने लाल दोरा बोटाला गुंडाळला आणि होडी दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत राहिला.

"असू द्या," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवलाय."